स्पोर्ट्स बाइकचा टायर निवडताना: रुंदी नंतर बघा, आधी ओला घाट आठवा

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गगनबावड्याहून करूळ घाट उतरत होतो. वेग जेमतेम पस्तीस-चाळीस, वळण ओळखीचं, ब्रेकवर बोटही नव्हतं. तरी मागचं चाक हातभर बाजूला सरकलं आणि परत जागेवर आलं. पडलो नाही. पण पायथ्याला गाडी लावून टायरवरून हात फिरवला, तेव्हा काय चुकलं ते समजलं. टायर आठ महिन्यांचाच होता. कंपनीचा १३० रुंदीचा काढून मी १५० चा घातला होता, कारण दुकानात सगळे म्हणाले होते, "भावा, मागनं गाडी कशी भरीव दिसतीय बघ." मधला पट्टा झिजून सपाट झाला होता आणि दोन्ही कडांवर नव्या टायरचे रबरी केस अजून तसेच होते. गाडी वळणात ज्या कडेवर तोलायची, ती कड आठ महिन्यांत रस्त्याला टेकलीच नव्हती.

तेव्हापासून माझे आणि मित्रांचे मिळून बरेच टायर निवडले, बसवून घेतले, झिजवले. आर१५, आरएस २००, ड्यूक, आरसी ३९०, अपाचे आरआर ३१०, निन्जा अशा गाड्या चालवणाऱ्या कोल्हापूरच्या पोरांसाठी त्या अनुभवातून हे सविस्तर लिहितोय.

आधी ठरवा: टायर खरंच संपलाय का

टायरच्या बाजूच्या भिंतीवर छोटा त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय (झीज दाखवणारी खूण) अशी अक्षरं असतात. त्या रेषेत खाचेत बघितलं की तळाशी रबराचा एक बुटका उंचवटा दिसतो. वरचं रबर झिजून त्या उंचवट्याच्या पातळीला आलं की टायर संपला. मात्र आपल्याकडे तिथपर्यंत थांबू नये असं माझं स्पष्ट मत आहे. खाचांचं काम पाणी बाहेर फेकण्याचं, आणि खोली कमी होते तसं ते काम आधीच मंदावत जातं. मे महिन्यात खाच दोन मिलिमीटरच्या आसपास उरली असेल तर पाऊस सुरू व्हायच्या आत टायर बदला. तोच टायर डिसेंबरात त्या अवस्थेला आला असेल तर कोरड्या रस्त्यावर थोडे दिवस काढता येतात.

खोलीपेक्षाही आकार नीट बघा. मोटरसायकलचा टायर गोल असतो म्हणूनच गाडी सलग, एका लयीत झुकते. रोज महामार्गानं कागल किंवा शिरोली एमआयडीसीला सरळ जाणाऱ्या गाडीचा मागचा टायर मधोमध चपटा होतो. मग वळणात गाडी झुकवताना एक कड लागते. आधी ती झुकायला तयार नसते आणि त्या कडेवरून उतरली की एकदम पडल्यासारखी वाटते. खाच भरपूर शिल्लक असली तरी असा टायर घाटात नेण्याच्या लायकीचा राहत नाही.

तिसरी गोष्ट वय. भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. बऱ्याचदा हे आकडे एकाच बाजूला असतात, म्हणून दोन्ही भिंती तपासा. पाच वर्षांनंतर दरवर्षी बारकाईनं पाहणी करायची. खाचांच्या तळाशी केसासारख्या भेगा दिसल्या, रबर नखानं दाबल्यावर प्लास्टिकसारखं कडक लागलं, तर किलोमीटर किती झालेत याला अर्थ नाही. लॉकडाऊनमध्ये उभ्या राहिलेल्या कितीतरी गाड्यांचे टायर दिसायला नवे होते, पकडीला मेलेले होते.

२०१९ किंवा २०२१ च्या पुरात बुडालेली जुनी गाडी विकत घेतली असेल, तर टायर बदलताना चाकाच्या बेअरिंगही तपासून घ्या. चाक एकदा बाहेर आलेलंच असतं.

भिंतीवरचे आकडे वाचायला शिका

समजा टायरवर १५०/६० आर १७ ६६ एच लिहिलंय. १५० ही रुंदी मिलिमीटरमध्ये. ६० म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या साठ टक्के, म्हणजे ९० मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल. १७ हा रिमचा व्यास इंचात. ६६ हा भार निर्देशांक, म्हणजे टायर ३०० किलो पेलतो. पुढच्या ११०/७० टायरवर बहुधा ५४ असतो, म्हणजे २१२ किलो. शेवटचं अक्षर वेगाचं: पी १५०, एस १८०, एच २१०, व्ही २४०, डब्ल्यू २७० किलोमीटर ताशी.

कंपनीनं दिलेल्या भार निर्देशांकाच्या आणि वेगाच्या अक्षराच्या खाली कधीच जाऊ नका. "एवढ्या वेगानं कोण चालवतंय" हा युक्तिवाद इथं लागू पडत नाही. ते अक्षर टायर किती उष्णता सोसेल हेही सांगतं. मे महिन्याच्या दुपारी, मागे माणूस बसवून, पुण्याहून सलग कोल्हापूर गाठताना टायर किती तापतो ते उतरल्यावर हात जवळ नेऊन बघा.

आपल्या गाडीचा मूळ माप मॅन्युअलमध्ये किंवा स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा), चेनगार्डवरच्या स्टिकरवर मिळतो. आरसी ३९० आणि आरआर ३१० ला पुढे ११०/७०, मागे १५०/६०. आर१५ ला पुढे १००/८०, मागे १४०/७०. निन्जा ३०० ला पुढे ११०/७०, मागे १४०/७०. गाडी सेकंडहँड असेल तर सध्या बसलेल्या टायरवर विसंबू नका. आधीच्या मालकानं काय घातलं असेल सांगता येत नाही.

रुंद टायरचा मोह

कोल्हापुरात टायर बदलताना सगळ्यात जास्त चूक इथं होते, आणि ती मी स्वतः केली म्हणून जरा थांबून सांगतो.

रिमवर बघा, १७ × एमटी ३.५० किंवा ४.०० असं ठोकलेलं असतं. ती रिमची आतली रुंदी इंचात. १३० चा टायर साडेतीन इंची रिमवर त्याच्या मूळ आकारात बसतो. १४० ला चार इंच आणि १५० ला चार-सव्वाचार इंच लागतात, तेव्हा तो कारखान्यानं ठरवल्यासारखा फुलतो. साडेतीन इंची रिमवर १५० चा टायर चढतो, हवाही धरतो, पण दोन्ही बाजूंनी चिमटला जातो. मधला भाग टोकदार होतो आणि कडा वर उचलल्या जातात. सरळ चालताना फक्त मधला पट्टा टेकतो म्हणून तो झपाट्यानं झिजतो, आणि झुकल्यावर हवी असलेली कड नीट टेकत नाही. दिसायला दोन सेंटिमीटर जास्त रबर, रस्त्यावर मात्र पूर्वीपेक्षा कमी. करूळ घाटात माझ्या गाडीनं मला तेच दाखवलं.

व्यासाचाही हिशेब करा. १४०/७० टायरची भिंत ९८ मिलिमीटर, त्याचा पूर्ण व्यास सुमारे ६२८ मिलिमीटर. १५०/६० चा व्यास सुमारे ६१२. म्हणजे आर१५ ला १५०/६० घातला तर गाडी मागून आठ मिलिमीटर खाली बसते. मागची बाजू बसली की पुढच्या फोर्कचा कोन आडवा होतो आणि गाडी वळायला सुस्त होते. स्पोर्ट्स बाइक जिच्यासाठी घेतली ती चपळाईच आपण पैसे मोजून घालवतो. वर जास्त रबर फिरवायला इंजिनाची ताकद लागते, मायलेज उतरतं, चेन आणि मडगार्ड टायरला घासतात की काय हे बघावं लागतं ते वेगळंच.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे: कंपनीनं जो माप दिलाय तोच घ्या. खर्च करायचाच असेल तर रुंदीवर न करता रबराच्या दर्जावर करा.

तुमचा रस्ता कोणता, ते प्रामाणिकपणे लिहून काढा

कागद घ्या. गेल्या वर्षभरात गाडी कुठं कुठं गेली ते लिहा. ट्रॅकवर किती, घाटात किती, शहरात किती, महामार्गावर किती. मोहिते रेसिंग अकॅडमीमुळे कोल्हापूरच्या पोरांना रेसिंगचं वेड आहे आणि मला त्याचा अभिमान वाटतो. पण ट्रॅकसाठी बनवलेलं मऊ रबर तापल्यावरच पकड देतं. रंकाळ्यावरून शाहूपुरीपर्यंत सिग्नलला थांबत जाताना ते तापतच नाही, आणि महामार्गावर काही हजार किलोमीटरमध्ये संपून जातं.

आपल्या भागाच्या रस्त्यांच्या काही खास गोष्टी आहेत, त्या टायर कंपनीच्या जाहिरातीत सापडणार नाहीत.

पहिली, पश्चिमेचा पाऊस. गगनबावडा, राधानगरी, आंबा, आजऱ्याकडून आंबोली, या पट्ट्यात जून ते सप्टेंबर रस्ता कोरडा मिळणं हीच बातमी. झाडीखालच्या वळणांवर शेवाळ धरतं, जांभ्या मातीचा लाल राड डांबरावर येतो, धुक्यात तो दिसत नाही. इथं ओल्यातली पकड हाच पहिला निकष. रबरात सिलिका मिसळलेली असेल तर ते कमी तापमानालाही लवचिक राहतं आणि ओल्या डांबराला धरतं. खाचा मधून कडेकडे पाणी ढकलणाऱ्या हव्यात. भिंतीला लागून अगदी कडेचा पट्टा गुळगुळीत असलेला टायर कोरड्यात झकास, ओल्या घाटात मला नको वाटतो.

दुसरी, ऊस. गळीत हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या चाकांबरोबर शेतातली काळी माती डांबरावर येते, उसाची कांडकी आणि पाचट पसरतं. वर दव पडलं की सकाळी सहा वाजता तो रस्ता पावसाळ्याइतकाच निसरडा असतो. कुठलाही टायर यातून पूर्ण वाचवत नाही. खाचा जास्त असलेला, लवकर तापणारा टायर निदान अंदाज देतो.

तिसरी, पहिला वळीव. उन्हाळाभर साचलेलं तेल आणि धूळ पहिल्या पावसात वर येते. त्या दिवशी नव्या टायरवरही भरवसा ठेवू नका.

हे सगळं धरून, पन्हाळा-जोतिबा आणि महिन्यातून एखादा मोठा घाट करणाऱ्या बहुतेक कोल्हापूरकरांसाठी स्पोर्ट-टूरिंग वर्गातला, म्हणजे लांबचा पल्ला आणि वळणं दोन्हींसाठी बनवलेला टायर मला सगळ्यात योग्य वाटतो. काहींत दोन प्रकारचं रबर असतं, मध्ये टणक आणि कडेला मऊ. सरळ रस्त्यावर मधला भाग टिकतो आणि वळणात कडा धरतात. महामार्ग आणि घाट दोन्ही करणाऱ्याला हे रबर फार उपयोगाचं आहे.

रेडियल की बायस

बायस टायरमध्ये नायलॉनचे थर एकमेकांवर तिरपे रचलेले असतात. भिंत ताठ, मार सोसणारी, किंमत कमी, पण वेगात जास्त तापते. रेडियलमध्ये धागे चाकाच्या फिरण्याच्या दिशेला आडवे जातात आणि वर पट्टे असतात. तो कमी तापतो, रस्त्याशी जास्त सारखा टेकतो. मूळ टायर रेडियल असेल तर रेडियलच घ्या. पुढे बायस आणि मागे रेडियल अशी जोडी काही कंपन्या स्वतःच देतात, ती चालते. उलटं, पुढे रेडियल आणि मागे बायस, कंपनीनं दिलं नसेल तर करू नका. गाडीची मागची बाजू वेगात डुलायला लागते.

पुढचा आणि मागचा टायर शक्यतो एकाच कंपनीचा, एकाच मालिकेतला असावा. साधारण मागचे दोन झिजेपर्यंत पुढचा एक टिकतो, त्यामुळे दोन्ही एकदम बदलणं दर वेळी शक्य नसतं, हे मान्य. पण मागे अगदी मऊ स्पोर्ट टायर आणि पुढे जुना कडक झालेला, ही जोडी ओल्यात सर्वात वाईट. पुढचं चाक सरकलं तर सावरायला वेळच मिळत नाही. पैसे एकाच टायरचे असतील आणि दोन्ही सारखेच थकलेले असतील, तर मी आधी पुढचा बदलेन.

नावं घेऊन बोलू

मेट्झेलर स्पोर्टेक एम५ आणि पिरेली डायब्लो रोसो ही स्पोर्ट टायरची ओळखीची नावं. पकड उत्तम, पैसे जास्त, आयुष्य मध्यम. स्पोर्ट-टूरिंगमध्ये मिशेलिन रोड ५ ओल्यातल्या पकडीसाठी नावाजलेला आहे, आरआर ३१० ला तो कंपनीकडूनच आला होता. पिरेली एंजल ही मालिका त्याच वर्गातली. रोजच्या वापरासाठी मिशेलिन पायलट स्ट्रीट रेडियल, अपोलो अल्फा एच१, टीव्हीएस युरोग्रिप प्रोटॉर्क एक्स्ट्रीम, सिएट झूम रॅड एक्स१, एमआरएफ रेव्झ हे पर्याय. यांतला प्रत्येक टायर प्रत्येक मापात येत नाही, म्हणून आधी माप, मग नाव.

किंमत किलोमीटरवर मोजा. समजा ५,००० रुपयांचा टायर १०,००० किलोमीटर गेला, तर किलोमीटरला पन्नास पैसे. ९,००० चा १५,००० गेला तर साठ पैसे. फरक दहा पैशांचा, आणि त्या दहा पैशांत ओल्या घाटातली पकड मिळत असेल तर मी डोळे झाकून देईन. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला आहे. बिल घेताना तो आकडा बघा, आणि बिल घ्याच. वॉरंटीसाठी तेच लागतं.

दुकानात

आधी फोन करून माप, नाव आणि उत्पादनाचा आठवडा विचारा. "मालक, टायर कधीचा हाय?" एवढा एक प्रश्न पुरतो. सहा-आठ महिन्यांच्या आतला मिळाला तर उत्तम. दीड वर्षापेक्षा जुना असेल तर मी घेत नाही, किती का सवलत देईनात. आयात केलेले मोठे माप हळू खपतात, त्यांच्याबाबत हा प्रश्न जास्त महत्त्वाचा. टायर उन्हात, दुकानाच्या बाहेर टांगून ठेवलेला असेल तरीही नको.

भिंतीवर आयएसआयची खूण आणि आयएस १५६२७ हा क्रमांक असलाच पाहिजे, परदेशी टायरवरसुद्धा. टीएल म्हणजे ट्यूबलेस, टीटी म्हणजे ट्यूबचा. "थोडाच वापरलाय" म्हणून मिळणारे जुने टायर घेऊ नका. आत पंक्चर कशी काढली, कधी कमी हवेवर पळवला, भिंतीचे धागे आतून तुटलेत का, हे बाहेरून कळत नाही.

बसवून घेताना समोर उभे राहा

उद्यमनगरात यंत्रावर टायर काढणारी चांगली दुकानं आहेत. अलॉय रिमवर नुसत्या टॉमीनं (लोखंडी पट्टीनं) टायर उचकटू देऊ नका. रिमची कड खरचटली की तिथून हळूहळू हवा जात राहते. चाक जमिनीवर ठेवताना डिस्क खाली येऊ नये, आणि एबीएसची दात असलेली रिंग वाकू नये.

व्हॉल्व्ह नवा घाला, तो फार स्वस्त असतो. भिंतीवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, तो चाकावर चढवण्याआधी दोनदा बघा. पिवळा ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हपाशी यावा, कारण ती टायरची हलकी बाजू. हवा भरल्यावर रिमला लागून भिंतीवरची बारीक रेघ सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एका जागी आत गेली असेल तर टायर नीट बसलेला नाही. हवा काढून, साबणाचं पाणी लावून पुन्हा बसवायला सांगा. मग बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडे सारखं करून घेणं. "बाइकला लागत नाही" असं कुणी म्हणालं तर दुसरीकडे जा. ऐंशी-नव्वदच्या पुढे हँडलमध्ये येणारी थरथर बऱ्याचदा इथूनच येते.

मागचं चाक परत बसवताना स्विंगआर्मच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या जुळल्या आहेत का, चेनची ढिलाई मॅन्युअलप्रमाणे आहे का, अ‍ॅक्सलचा नट टॉर्क पान्यानं आवळलाय का, हे बघा. दुकानातून निघण्याआधी दोन्ही ब्रेक चार-पाच वेळा दाबा. चाक काढताना पॅड मागे सरकलेले असतात आणि पहिल्या दाबाला ब्रेक लागत नाही. हे विसरून सरळ रहदारीत शिरलेला माणूस मी पाहिलाय.

हवा आणि पहिले दीडशे किलोमीटर

हवा टायरवर लिहिलेल्या कमाल आकड्याइतकी भरायची नसते. गाडीच्या स्टिकरवर लिहिलेली भरायची, आणि टायर थंड असताना. स्टिकरवर दाब बारमध्ये असेल तर १ बार म्हणजे १४.५ पीएसआय, म्हणजे २ बार म्हणजे २९. पेट्रोल पंपावरचे मीटर एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून स्वतःचं छोटं गेज घ्या. तापमान दहा अंशांनी उतरलं की साधारण दीड पीएसआय कमी होतो, त्यामुळे मेमध्ये भरलेली हवा डिसेंबरात तपासावीच लागते. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे देण्याची गरज मला वाटत नाही. साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच. घाटात पकड वाढावी म्हणून हवा कमी करण्याची पद्धत आपल्याकडे आहे, ती ओल्यात घातक आहे. कमी हवेनं खाचा मिटतात आणि पाणी बाहेर जात नाही.

नव्या टायरचा पृष्ठभाग चकचकीत आणि निसरडा असतो. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर जोरात ब्रेक नाही, एकदम थ्रॉटल नाही, आणि झुकणं हळूहळू वाढवत न्यायचं. कोरड्या दिवशी सकाळी पन्हाळ्याला दोन-तीन फेऱ्या या कामासाठी छान. पाऊस पडत असताना नवा टायर घालून सरळ आंबा घाटाकडे निघू नका.

टायर बसवलेल्या दिवसाची तारीख आणि मीटरचं रीडिंग बिलावर लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी हलवण्याआधी, हवा पुन्हा मोजा. दोन-तीन पीएसआय उतरली असेल तर व्हॉल्व्हवर आणि रिमच्या कडेला साबणाचं पाणी लावून बुडबुडे कुठून येतात ते शोधा, आणि गाडी त्याच दिवशी दुकानात परत न्या.